लावला म्हणजे काय लावला?

मोबाइलच्या टॉवरवर चढून अँटेना बसवायचे, हे माझ्या मुलाचं काम. रोज संध्याकाळी तो घरी आला की मी विचारायची, "बेल्ट लावला होतास ना?" तो म्हणायचा, "लावला होता, आई." झालं! मी निश्चिंत. बावळट कुठली.

मग एकदा त्याचं काम आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यातच निघालं, शेजारच्या बिल्डिंगच्या छतावरच्या टॉवरवर. आमच्या गच्चीत पापड वाळत घालताना मान वर केली. बेल्ट लावलेला होता, खरंच. खांद्यांना, कमरेला, मांड्यांना. नवरदेव सजावा तसा. आणि त्या बेल्टची दोरी, टोकाच्या हुकासकट, मागे शेपटीसारखी लोंबत होती. कशातच अडकवलेली नाही!

ओरडणार होते. पण दचकून मागे वळला असता तर? दात आवळून जिने उतरले, शेजारचे चढले.

छतावर सुपरवायझर कचोरी खात बसला होता.

"भिया, उसका हूक खुला है."

"अम्माजी, टेन्शन मत लो, बेल्ट लगा है." त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत हूक अगदी शहाण्यासारखा लोखंडात. "ऑफिस को भेज भी दिया."

"और अब?"

"फोटो के बाद खोल देते हैं. एक ही रस्सी है, हर कदम पे खोलो-लगाओ, तो काम कब होगा?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "चाय के बहाने नीचे बुलाओ उसको. धीरे से."

त्याचे पाय छताला टेकले तसा मी कान धरला. "लावला म्हणजे काय लावला रे? कपाळाला टिळा?"

"आई, सगळ्यांसमोर नको ना! तू नाही का टाकीवर चढून टीव्हीचा अँटेना फिरवायचीस?"

फिरवायची. पदर खोचून, एका हातानं पाइप धरून, वाकून ह्यांना विचारायची, "आलं का चित्र?" स्वतःला सर्कशीतली वाघीण समजायची. अक्कल ढिली, पदर तेवढा घट्ट.

"मी मूर्ख होते आणि वाचले, त्यात माझी कसली हुशारी? तुझ्याजवळ दोर आहे, आणि तो तू फोटोला घालतोस!"

तो पुटपुटला, "दोन दोऱ्यांचा बेल्ट असला तर एक अडकलेली ठेवून दुसरी पुढे नेता येते. गोदामात आहे तो."

"उधर बेटमा गाँव के गोदाम में पड़ा है," सुपरवायझर म्हणाला.

मी टॉवरच्या शिडीच्या पायरीवर बसले. "मँगवाओ. मैं यहीं बैठी हूँ."

"अम्माजी, काम रुकेगा!"

"वो गिरेगा, तब भी तो रुकेगा."

दुपार कलल्यावर बेल्ट आला. प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. त्या प्लॅस्टिकचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. माझं पोर उघडं वर लोंबत होतं, आणि बेल्ट मात्र धूळ लागू नये म्हणून झाकून ठेवलेला!

मुलगा पुन्हा चढला. एक हूक खट्. मग दुसरा खट्. तेव्हा कुठे मी पायरीजवळून हलले.

आता संध्याकाळी बेल्टचं विचारतच नाही.

"हूक कशात होता?"

"लोखंडात, आई."

"आणि दुसरा?"