सरांचा जर्मन मास्तर

"समजलं का वं? नसन समजलं तं माह्यं चुकलं, तुह्यं नाही."

नागपूरच्या सीताबर्डीत राहणारे, कायदा शिकवून निवृत्त झालेले आमचे सर हे वाक्य कोणालाही ऐकवत. कॉलेजच्या पोरांना, दारच्या भाजीवालीला, आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या मला. मी खानदेशातून आलेली, आठवीत शाळा सुटलेली. समजलं नाही म्हणायची मला फार भीती. ती भीती सरांच्या घरात आल्यावर गेली.

सरांचा जीव एका जर्मन प्राध्यापकावर. तोही कायद्याचाच, तीनेकशे वर्षांपूर्वीचा. पण सर असं बोलत, जणू तो पलीकडच्या जरीपटक्यात राहतो. "लॅटिन सोडून घरच्या भाषेत शिकवलं पठ्ठ्यानं! बाकीचे मास्तर असे भडकले, का त्याले शहर सोडा लागलं." सरांनी स्वतः जन्मभर वऱ्हाडीत कायदा शिकवलेला. हे सांगताना छाती फुगायची.

एकदा कॉलेजात त्याच्यावर सरांचं भाषण ठरलं. मी काटोलची संत्री सोलत बसले होते, सर समोर तालीम करत होते. "एका डाकिणीचा खटला त्याच्यापुढं आला. यानं मत देल्लं, छळ करून कबुली घ्या. सोबतचे मास्तर म्हणे, पुरावा कुठी हाये? सोडा तिले. लाजला बिचारा. मंग जन्मभर असल्या खटल्यायच्या विरोधात लिहिलं... चुप काहून वं?"

"सर, माझ्या आईला गाव डाकीण म्हणायचं. म्हणून तर आम्ही गाव सोडलं."

बोलून गेले आणि घाबरले. नागपुरात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता माझ्या हातचं खातील का?

सरांनी मी सोललेली फोड उचलली, तोंडात टाकली. "चाल, पुन्हा ऐक. एका बाईचा खटला त्याच्यापुढं आला."

भाषणाला मी मागच्या बाकावर होते. सर 'बाई'च म्हणत राहिले. शेवटी तो खटला वाचून आलेला एक पोरगा उठला. "सर, डायरेक्ट डाकीण म्हणा ना! क्लिअर होईल."

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काहून म्हणू गा? म्हणणाऱ्यायनं पुरावा देल्ला का? मंग ती बाईच. मी काय शिकवून राहिलो इतके वर्सं? समजलं का?"

पोरं हसली, मग टाळ्या. तुम्ही तिथे असता तर ताठ बसलेली मी तुम्हाला लांबूनही दिसले असते.

सर या हिवाळ्यात गेले. आई आता माझ्याजवळ असते. शेजारणींना ती त्या जर्मन मास्तराची गोष्ट रंगवून सांगते. कुठला तो, असं कुणी विचारलं, की बेधडक म्हणते, "इथलाच. बर्डीचा."

मी तिची चूक काढत नाही.