चौथा गडगडा

पंचफुला हिवराळेला कुणी "बस" म्हटलं की ती उभी राहायची. तिचा बाप जानराव मलकापूरला रेल्वेत गँगमन होता, घर धामणगाव बढ्याच्या बौद्धवाड्यात. पोरगी मॅट्रिक झाली तेव्हा भावकी म्हणाली, मास्तरीण कर, सुखात राहील. तर ही निघाली अमरावतीला, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायला, तोही बांधकामाचा. वर्गात सगळी पोरं आणि ही एकटी. पोरं तिला "मिस्त्रीणबाई" म्हणायची. तिला राग यायचा, चांगला सणसणीत यायचा, आणि तो ती अभ्यासावर काढायची.

शेवटच्या वर्षी सहा महिने प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकायचं असे. तिथल्या साहेबानं दाखला दिला तर डिप्लोमा, नाहीतर घोडं तिथंच अडलेलं. पोरांना धरणांवर धाडलं, पुलांवर धाडलं. प्राचार्य पंचफुलाला म्हणाले, "तू बुलढाण्याच्या ऑफिसात नकाशे काढ. सावली आहे, पंखा आहे."

"नकाशे काढणं तं तुम्ही शिकवलंच, सर," ती म्हणाली. "आता ते जमिनीवर कसे उतरते ते मले पाहू द्या."

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातही हटायला तयार नव्हता. जिल्हाभर सरकारी विहिरी खणणं चालू होतं. सुलतानपूरच्या अलीकडं एका गावात अशीच विहीर चालली होती, तिथं तिला पाठवलं. गावाचं नाव सांगून काही मिळायचं नाही, तशी गावं तेव्हा पायलीची पन्नास होती. राहायची सोय गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत शालूबाईच्या घरी झाली. गावानं पहिल्याच दिवशी विचारलं, पोरगी कुणाकडं उतरली? उत्तर मिळाल्यावर पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही.

कामावरचे ओव्हरसिअर उत्तमराव. माणूस वाईट नव्हता. कुणाशीच वाईट नव्हता, हाच त्याचा दोष होता. सरपंचासमोर सरपंचाचा, मजुरांसमोर मजुरांचा, आणि वरचा साहेब आला की फक्त त्याचा. त्यांनी पंचफुलाला तंबूत खुर्ची टाकून दिली आणि सांगितलं, "हिवराळे, तू हजेरी लिही. खाली उतरू नकोस. मातीचं काम आहे, बाईमाणसाचं नाही."

पंचफुलानं खाली पाहिलं. खड्ड्यात चाळीसेक बाया डोक्यावर टोपल्या घेऊन मुरूम वर काढत होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्तीतल्या.

"साहेब, टोपलं उचलणारी बाई चालते, अन् टेप धरणारी काऊन नाही चालत?"

उत्तमरावांना उत्तर सुचेपर्यंत ती उतरली होती.

काम ती मन लावून शिकली. सुरुंगानंतर कपार कशी तपासायची, गोलाई खालपर्यंत सारखी कशी राखायची, दगडाच्या बांधकामाला ओळंबा कुठं लावायचा. उत्तमरावही तिला शिकवत होते, आणि चांगलं शिकवत होते. मग एक दिवस काळ्या खडकाच्या फटीतून ओल आली. मुकादमानं सगळ्या बायांना वर पिटाळलं. पाणी लागायच्या वेळी आत बाई असली की पाणी पळतं, अशी तिकडची समजूत. पंचफुला वर आलीच नाही. फटीपाशी उभी राहून ओल किती वेळात किती चढते ते मोजत राहिली. संध्याकाळी पाणी तिच्या घोट्याला लागलं. पाणी काही पळालं नाही. त्याला जायला दुसरी जागाही नव्हती.

वस्तीत राहणाऱ्या पोरीचे पाय त्या पाण्याला लागले, तरी विटाळाचं कुणी नाव काढलं नाही, आणि याचं तिला नवल वाटलं. शालूबाईनं ते समजावून सांगितलं. "अगं, पूजा होईस्तवर तो निस्ता खड्डा असतो. खड्ड्यात कुणी बी उतरावं. आमच्याच माणसांनी जुनी विहीर खणली, माझ्या सासऱ्यानं तिच्यातलं पहिलं पाणी ओंजळीनं पिलं. मग पूजा झाली, नारळ फुटला, अन् तिची विहीर झाली. तवापासून आमी खाली बसायचं, रिकामी घागर घेऊन. कुणाला दया आली तर वरून ओतायचं."

त्या रात्री पंचफुला नीट जेवली नाही.

बांधकाम जमिनीबाहेर आलं. कठडा झाला. आता राहिलं दोर ओढायचे गडगडे बसवणं. सरकारी नकाशात चार बाजूंना चार गडगडे होते, प्रत्येकाला कठड्यातच रोवलेले दोन लोखंडी खांब, आणि चौथा वस्तीच्या अंगाला. तेव्हा सरपंच भाऊराव स्वतः कामावर आले. मोठे जमीनदार, बोलणं लोण्यासारखं.

"पोरी, तू शिकलेली हायस, तुला कळंल," ते म्हणाले. "वस्तीतल्या बायांनी उन्हातान्हाचा दोर कशाला ओढायचा? खालच्या अंगाला मी माझ्या खर्चानं हौद बांधून देतो. आमचा गडी रोज भरून ठेवील. त्यांनी निस्ती घागर बुडवायची. मग तो चौथा गडगडा कशाला पाहिजे?"

उत्तमरावांचा चेहरा खुलला. तंटा नाही, तक्रार नाही, वर फुकटचा हौद. "उत्तम कल्पना," ते म्हणाले. "हिवराळे, तीनच गडगडे आख. हौदाच्या खुणा मी दाखवतो."

ऐकायला गोडच होतं ते. फक्त गडी कधी भरणार, किती भरणार, आणि एखाद्या दिवशी भरलाच नाही तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते कुणी बोलत नव्हतं. ओठात हौद होता आणि पोटात जुनी विहीर.

पंचफुला शालूबाईकडं गेली. तिला वाटलं होतं, शालूबाई पेटून उठेल. शालूबाई भाकरी थापत राहिली.

"हौद तर हौद," ती म्हणाली. "पाणी मिळालं म्हंजे झालं. तू जाशील तुझ्या गावाला. आमाला हितंच राहायचंय, त्यांच्याच शेतात जायचंय."

पंचफुलाला हे लागलं. लागलं कारण खरं होतं. भांडायला आलेली पोरगी चुलीपाशी बसली, आणि तिनं सरळ विचारलं, "मावशी, भीती बाजूले ठेवा. तुमच्या मनाले काय पाहिजे? हौद का गडगडा?"

शालूबाईनं भाकर तव्यावर टाकली, हात झटकले, आणि म्हणाली, "गडगडा."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी पंचफुलानं कठड्यावर खडूनं चार जागा आखल्या आणि गवंड्याकडून चारी जागी खांब रोवून घेतले. उत्तमराव धावत आले.

"मी तीन सांगितले होते."

"नकाशात चार आहेत, साहेब. तुम्हीच शिकवलं, नकाशाबाहेर जायचं नाही. तीन पाहिजे असतीन तं वरून लिहून आणा, मी तीन ठेवते."

वरून असं कुणी लिहून देणार नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. उत्तमराव हळू आवाजात म्हणाले, "हिवराळे, तुझा दाखला माझ्या हातात आहे. वर्ष घालवशील. कुणासाठी?"

"दाखला तुमच्या हातात आहे," ती म्हणाली. "खांब माह्या हातात होते. ते रोवून झाले."

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले, आणि परत येऊन बघतात तर चौथ्या गडगड्याचे खांब उपटून फेकलेले. सिमेंट ओलंच होतं. कुणी केलं ते कुणीच पाहिलं नव्हतं. पंचफुलाचे डोळे भरून आले, रागानंच आले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत. तिनं नवं सिमेंट कालवलं, खांब पुन्हा रोवले, आणि कठड्यावर त्यांना टेकून बसली. सिमेंट धरेपर्यंत उठणार नाही म्हणाली. डोक्यावर ऊन असं की कठडा हाताला भाजत होता. थोड्या वेळानं शालूबाई गोणपाट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. गोणपाट ओला करून खांबांच्या बुडाशी गुंडाळला आणि दुसऱ्या बाजूला स्वतः बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मग वस्तीतल्या आणखी बाया आल्या आणि पाळीपाळीनं बसल्या. सिमेंट धरलं.

पूजेचा दिवस आला. सरपंचांची आई झुंबरबाई हळदकुंकू, खण, नारळ घेऊन आली. गावाच्या सगळ्या विहिरींचं पहिलं पाणी तिच्या घराण्यातल्या बाईनंच काढायचं, अशी रीत. तीन बाजूंना गावातल्या बाया घागरी घेऊन दाटीनं उभ्या. टँकर कधी यायचा, कधी नाही, घरोघर रांजण कोरडे होते. चौथ्या बाजूला वस्तीतल्या बाया, त्यांच्यापुढं पंचफुला. भाऊरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आज गाव भरील, वस्तीचं पुढं बघू.

झुंबरबाईनं कठड्याला कुंकू लावलं, खण सोडला, नारळ फोडला. पाणी शिंपडलं. सगळ्यांनी हात जोडले.

पंचफुलानंही जोडले. मग तिनं विचारलं, "आजी, झाली का आता विहीर?"

"झाली, बाई," म्हातारी सहज म्हणाली. "आता विहीर झाली."

"खड्डा नाही राह्यला?"

"खड्डा कसा राहील? नारळ फुटला की."

"मग पाणी काढते," पंचफुला म्हणाली, आणि चौथ्या गडगड्यावरून दोर सोडला. झुंबरबाईची बादली अजून तिच्या हातातच होती. तोवर पंचफुलाची खाली जाऊन बुडाली, गडगडा करकरत फिरला, आणि भरली बादली कठड्यावर आली. तिनं ती शालूबाईच्या घागरीत ओतली.

भाऊराव गरजले, की विहीर बाटवली, आजपासून कुणी पाणी भरायचं नाही. कुणीतरी म्हणालं, गोमूत्र शिंपडा. कुणी म्हणालं, पूजा परत करा. सगळे झुंबरबाईकडं बघू लागले. म्हातारी कठड्यावरच्या नारळाच्या दोन वाट्यांकडं बघत होती. तिच्या अंगात राग होता, पण रीत तिला लेकापेक्षा जास्त ठाऊक होती.

"एका विहिरीला एकच नारळ," ती म्हणाली. "फुटला तो फुटला." आणि रिकामी बादली घेऊन घराकडं चालू लागली. त्या विहिरीचं पाणी ती मरेपर्यंत प्यायली नाही. तिच्यासाठी बैलगाडीतून सुलतानपूरहून पिंप येत असे.

बाकीचं गाव उभंच राहिलं. जायलाही पाय निघेना, भरायलाही हात धजेना. पंचफुला आणि शालूबाई काढत राहिल्या, घागरीमागून घागर. शेवटी गावातली एक तरणी बाई, कडेवर मूल घेतलेली, पुढं झाली. तिनं भाऊरावांकडं पाहिलंच नाही. आपल्या बाजूच्या गडगड्यावर दोर टाकला आणि ओढायला लागली. तिच्यामागं दुसरी गेली. दुपारपर्यंत चारी गडगडे एकदम वाजत होते, आणि भाऊराव घरी निघून गेले होते.

उत्तमरावांनी दाखला दिला नाही. त्यांनी लिहिलं की कामाची जाण उत्तम, वर्तन असमाधानकारक. पंचफुलाचं वर्ष गेलं. आईनं दोन दिवस अबोला धरला. वर्गातली पोरं नोकरीला लागली, आणि ती पुन्हा प्राचार्यांसमोर उभी राहिली.

ते चिडले नव्हते, थकले होते. "पुन्हा सहा महिने काढावे लागतील," ते म्हणाले. "आता कुठं पाठवू तुला?"

"विहिरीवरच पाठवा, सर," पंचफुला म्हणाली. "जिथं वस्तीसाठी हौद बांधायचं चालू असंन, असं गाव पाहून पाठवा."