मेलेला राक्षस

जेवणं झाली की माझा नवरा संगणकावर रोज तोच राक्षस मारतो. मूळ खेळ त्याने कॉलेजातच संपवला होता. मग त्या खेळाला पुरवणी निघाली, नवा मुलूख आला, नवी हत्यारं आली आणि शेवटी हा राक्षस. त्या पुरवणीतून नवरा आजतागायत बाहेर आलेला नाही.

"कालच मारलास ना त्याला?" मी विचारलं.

"आज परत उभा असतो. मजा त्यातच आहे."

मला त्याचा हेवा वाटला. सासूबाई माझी पोळी बोटाने दाबून चारचौघांत "वातड" म्हणायच्या आणि मी गप्प बसायचे. त्या गेल्या, तेव्हा कुठे मला उत्तरं सुचायला लागली. कणीक मळताना रोज एक नवं सुचतं, कालच्याहून धारदार, आणि ऐकायला समोर नुसता फोटो. माणसं एकदाच मरतात, हा त्यांचा लबाडपणा आहे.

परवा त्यांची तिथी होती. मी मुद्दाम वातड पोळ्या केल्या, नैवेद्यालाही त्याच वाढल्या. नवऱ्याने पहिला घास बराच वेळ चावला.

"अगदी आईच्या हातच्यासारख्या झाल्यात," तो म्हणाला आणि आणखी एक मागून घेतली.