घाम न फुटलेले माठ

आजी माणसाचे आधी कान बघायची. नाव, गाव, शिक्षण सगळं नंतर. मे महिन्यात मौद्याच्या पुढच्या त्या गावात आम्ही नऊ स्वयंसेवक उतरलो, तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर संस्थेचं नाव छापलेली टोपी होती आणि अठराच्या अठरा कान उघडे होते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, कानातून शिरते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आजीनं एकेकाला न्याहाळलं. "टोपी फोटोसाठी, दुपट्टा जिवासाठी," म्हणाली आणि आमच्याकडे पाठ करून थापीनं ओला माठ ठोकत बसली.

गाव तिला बुढी म्हणायचं, मी आजी. ती आम्हा सगळ्यांना मिळून एकच नाव वापरायची, सुट्टीवाले. "सुट्टीवाले आले," "सुट्टीवाले झोपून राहिले." टोळधाड आली हे लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात. आणि तिचं काही चुकत नव्हतं. पहाटे पाचला गाव कामाला लागायचं, आम्ही नऊला आळस देत निघायचो आणि अकराला ऊन लागलं म्हणून परत. उरलेला दिवस कूलरसमोर बसून गावाचे प्रश्न काय, यावर चर्चा. गावाला विचारायला मात्र कुणी उठायचं नाही.

मी त्यांच्यातली, पण तशी नव्हे. कोल्हापूरकडची, नववीत शाळा सोडलेली. इकडे शहरात संस्थेच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा करायचे. संस्था चालवणाऱ्या सरांनी "तूही चल" म्हणून टोपी दिली. उन्हाळा नीट पार पडला तर कायम करू, ऑफिसमागची खोली देऊ, असंही सांगितलं. तोवर मला कुणी असं बरोबरीनं कुठं नेलं नव्हतं. म्हणून सर म्हणतील ते खरं, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

गावाच्या फाट्यावर पाणपोई लावायची होती. त्यासाठी आजीचे बारा माठ घेतले. देताना तिनं आमची परीक्षाच घेतली. माठातलं पाणी थंड कशानं होतं? इंजिनिअरिंगच्या एका ताईनं बाष्पीभवनावर पाच मिनिटं भाषण दिलं. आजीनं तोंड असं केलं, जणू कुणी चहात मीठ घालून दिलंय. मग माझ्याकडे हनुवटी उडवली. मी भीत भीत सांगितलं, माठाला घाम फुटतो म्हणून. आमची आई तर माठाला चुन्याचं बोटही लावू द्यायची नाही.

"हे शाळेत कमी गेली दिसते," आजी म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

दुसऱ्या दिवशी आजी लेकीकडे गेली आणि सुट्टीवाल्यांना कला सुचली. माठ फारच साधे दिसतात, असं ठरलं. त्याच बाष्पीभवनवाल्या ताईनं ऑइल पेंटचे डबे मागवले. मोर, सूर्य, 'पाणी वाचवा', आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव. मला चित्र येत नाही म्हणून मागचं निळं आभाळ भरायला दिलं. ब्रश हातात घेतला तेव्हाच मला आईचं ते चुन्याचं बोट आठवलं. पण मी नववी, समोर सगळे पदवीवाले. आणि ती खोली डोळ्यांसमोर. बाराही माठांना मी गळ्यापासून बुडापर्यंत आभाळ फासलं. मग फोटो झाले.

तीन दिवसांत फाट्यावरचे प्रवासी आमचं पाणी चूळ भरून थुंकायला लागले. अंघोळीला चाललं असतं, इतकं कोमट. सकाळी कडुनिंबाखाली बैठक बसली. सरांनी निदान केलं की मातीच खराब, बुढीनं गंडवलं, आता प्लॅस्टिकचे जार आणू. गावातल्या दोघा-तिघांनीही मान डोलावली. यंदा घरचा माठ दुसरीकडून घेऊ म्हणाले. तेवढ्यात आजी बसमधून उतरली आणि हातात पिशवी घेऊन सरळ तिथंच आली. तिनं एका माठाचा रंग नखानं खरवडून बघितला. सरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"यायले माहीत नव्हतं, सोडून देऊ. तुले माहीत होतं. काहून नाही बोलली वं?"

काढून टाकतील अशी भीती वाटली, असं मी जमिनीकडे बघत पुटपुटले.

"वाटू दे ना भीती. माह्या माठाले काहून बदनाम केलं?"

मी उठले. सरांना सगळ्यांदेखत सांगितलं, माती चांगली आहे, रंगानं माठांची छिद्रं बुजलीत, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. सर हसले. किती शिकलीस, विचारलं. नववी, म्हटलं. आजीनं घरून एक कोरा माठ आणून आमच्या मोरांशेजारी मांडला. दुसऱ्या दिवशी त्या एका माठापुढे रांग आणि मोरांसमोर कुणी नाही. सरांनी अहवालात 'लोकसहभागातून प्रयोग यशस्वी' असं लिहिलं. माझ्या खोलीचा विषय परत निघाला नाही.

आता मी सीताबर्डीला कापडाच्या दुकानात असते. रंग धुण्यात जाणार असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगते. मालक चिडतो. मला अजूनही भीती वाटते. वाटू दे.

आम्ही निघालो त्या दिवशी आजी फाट्यावर आली होती. बाकीचे तिच्यासोबत फोटो काढायला धावले, ती त्यांना बाजूला सारून माझ्याकडे आली. माझी टोपी काढली आणि माझ्याच ओढणीनं माझे कान करकचून बांधले. उरलेला पदर मी नाकातोंडावर घ्यायला गेले, तर तिनं तो ओढून खाली केला.

"कान झाक," म्हणाली. "तोंड उघडंच ठेव."