नऊ बाय चौदा

मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर फोटो लावला. जुन्या नाशकातली दगडी घरांची एक ओळ. बुटकी, एकाला एक चिकटलेली बारा घरं.

"अशा खुराड्यांत अजून माणसं राहतात," साहेब म्हणाले.

समोरचा बिल्डर म्हणाला, "माणसं? बरं झालं सांगितलंत."

सगळे हसले.

फोटोत दोरीवर एक हिरवी ओढणी वाळत होती. तीच त्या दिवशी माझ्या गळ्यात होती.

मीही हसले.

त्या ओळीतलं शेवटचं घर माझं. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी तिथे नकाशे काढायची. पाहुणे आले की चहाही मलाच सांगायचे, दुसऱ्या कुणाला नाही. कुणी आडनाव विचारलं की मी पुटपुटायची. डबा एकटीच खायची. आई गेल्यापासून घरीही एकटीच.

दोन दिवसांनी साहेबांनी त्याच ओळीची मोजणी माझ्याकडे दिली. जन्म काढलेल्या घराला मी पहिल्यांदा टेप लावला. नऊ फूट बाय चौदा. भिंत दीड फूट जाड. माझ्या पणजोबांनी गोदेच्या घाटाचे दगड घडवले. काम संपल्यावर त्याच पायऱ्यांवर त्यांना उभं राहू देत नसत. उरल्यासुरल्या दगडांतून त्यांनी ही घरं उभी केली. वर माळा, पुढे ओटा, छपरात झरोका. चैत्रातही फरशी गार.

आणि ही ओळ पाडून इथल्या गरिबांना द्यायचे म्हणून मी ऑफिसात जे फ्लॅट काढत होते? दार उघडलं की समोर भिंत. वाऱ्याला वाट नाही. टेकायला ओटा नाही. शहराबाहेर, सातव्या मजल्यावर.

मला लहान घराची लाज शिकवली होती. पिढ्यान् पिढ्या त्या ओळीला नळ दिला नाही, संडास दिला नाही, त्याची लाज कुणालाच नव्हती.

साहेबांनी अहवाल पुढे केला. "खाली लिही, राहण्यास अयोग्य."

"सर, एकाही भिंतीला तडा नाही."

"तुला मत विचारलंय? तुझं काम रेघा मारायचं."

"सर, तिथे मी राहते."

त्यांनी मला खालीवर पाहिलं. मग म्हणाले, "मग उपकार मान आमचे. माणसात येशील."

मी पेन टेबलावर ठेवलं. "नाही लिहिणार."

कुणी मान वर केली नाही. डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरले.

घरी आले तर शेजारच्या काशीमावशी ओट्यावर बसलेल्या. त्यांना सगळं सांगितलं.

"पोरी, आम्ही फ्लॅटसाठी सह्या दिल्यात," त्या म्हणाल्या. "गुडघे गेले माझे. नाक्यावरच्या संडासापर्यंत चालवत नाय आता. तू नुसत्या भिंती घेऊन काय करशील?"

एकेक घर रिकामं झालं. मावशीही फ्लॅटमध्ये गेल्या. आता ओळीत मी एकटी. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही. कधी कधी भांडी मुद्दाम आपटते, आवाज हवा म्हणून.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर काढलंय. ह्याच भिंती, हेच ओटे. प्रत्येक घरात नळ, मागे संडास. पालिकेच्या सुनावणीला तो नकाशा घेऊन मी जाणार आहे. सोबत कुणी नसेल.

अकरा घरांच्या सह्या बिल्डरकडे आहेत. बाराव्या घराची सही माझ्या हातात आहे. ती मी देणार नाही.