कॅनॉलवरचं माझं फिरणं

डॉक्टरीणबाईंनी मला एकदा विचारलं, "दिवसभरातली कुठली गोष्ट तुमची तुम्ही ठरवता?" मी चांगला विचार केला. सकाळी उठवणार वहिनी. गोळ्या तळहातावर ठेवणार वहिनी, आणि त्या गिळल्या का ते बघायला "आ करा भावजी" म्हणणार त्याही वहिनीच. जेवायच्या, झोपायच्या वेळा थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या. मोटरसायकलची चावी दादाच्या खिशात. शेवटी म्हणालो, "चहा फुंकून प्यायचा का बशीत ओतून, ते माझ्याकडं आहे." बाई हसल्या नाहीत. दादा मात्र शेजारी बसून "बरोबर हाय" म्हणाला.

मला स्किझोफ्रेनिया आहे. ओझरजवळच्या आमच्या मळ्यात त्याला नुसतं "डोक्याचं" म्हणतात, जसं काही बाकीच्यांना डोकंच नाही. कॉलेजात असताना सुरू झालं. भिंतीपलीकडून माणसं माझ्याविषयी बोलायची, आणि घरच्यांपेक्षा जास्त बोलायची. गोळ्यांनी ती गप्प केली, पण त्यांच्या जागी भूक आणून बसवली. अशी भूक की वहिनी भाकरीची टोपली माझ्याकडं पाठ करून झाकायच्या. त्यात बिड्या. पॅन्टा एकेक करून बसेनाशा झाल्या तसा मी लेंग्यावर आलो, कारण नाडी माणसाचा अपमान करत नाही. मग रक्तातली साखरही वर सरकायला लागली.

बाई म्हणाल्या, "रोज चाला. कुठं आणि कधी, ते तुम्हीच ठरवा." मी कॅनॉलचा भराव ठरवला आणि उजाडायची वेळ ठरवली. "लई शानपना," दादा म्हणाला. खरंच होतं त्याचं. सुरुवातीला मी भरावानं थेट डांबरी रस्त्यावरच्या टपरीपर्यंत चालायचो, वडापाव खायचो, वर बिडी ओढायचो आणि व्यायाम झाला म्हणून समाधानानं परत यायचो. वजन वाढलं. मी बाईंना म्हणालो, "तुमचा काटा बिघडला असेल." दादानं लगेच त्याच काट्यावर उभं राहून काटा ठीक आहे हे दाखवून दिलं. सख्खा भाऊ हो!

मग मी टपरीकडं पाठ करून उलट्या दिशेला चालायला लागलो. तिकडं नुसता ऊस. खायला काही नाही, बोलायला कुणी नाही, मळ्यावरचं कुत्रं तेवढं मागं यायचं. हळूहळू दम कमी लागायला लागला, बिडी सुटत आली, रात्री आपोआप झोप यायला लागली. मला तिथं लई बरं वाटायचं. आजार बरा झाल्यासारखं नव्हे, तसला भ्रम मला नाही. पण पाय माझं ऐकायचे. थांब म्हटलं की थांबायचे. इतक्या वर्षांत माझं म्हणून ऐकणारं हे पहिलंच कुणी, त्याचं अप्रूप होतं.

त्या थंडीत एका सकाळी बिबट्या भरावावर बसलेला दिसला.

आमच्याकडं बिबट्या दिसला की लोक ओरडतात, पळतात. मी तिथंच उभा राहून चौकशीला लागलो. हा खरा आहे का? बाईंनी शिकवलं होतं, शंका आली की दुसऱ्या कुणाला तेच दिसतंय का ते बघायचं. दुसरं कोण? कुत्रं. मी वळून पाहिलं तर ते शेपूट घालून घराकडं सुटलेलं. साक्ष मिळाली. मग मी रीतसर घाबरलो. बिबट्या एवढा वेळ बिचारा माझं आटपायची वाट बघत होता. तो उसात उतरला आणि मी घरी आलो.

घरी येऊन गप्प चहा प्यायला बसलो. सांगितलं आणि पटलं, तर बिबट्यासाठी फिरणं बंद. सांगितलं आणि नाही पटलं, तर डोक्यासाठी फिरणं बंद. शिवाय गोळी वाढणार ती वेगळीच. माझं एकच काय ते होतं, तेही जाणार. म्हटलं, गप बसावं. बिबट्याला कुठं आपण बोलावलंय?

तेवढ्यात वहिनींनी कोपऱ्यातला विळा घेतला. गाईला घास कापायला निघाल्या, तो त्याच उसाच्या कडेच्या वाफ्यात. मी बशी खाली ठेवून उठलो.

"वहिनी, तिकडं जाऊ नका. वाघ हाय. मी पायलाय."

दादानं वहिनींकडं पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. "गोळी घेतली व्हती का रातची?" त्यानं हळूच विचारलं, तेही मला नाही, वहिनींना. मग माझं डोकं फिरलं. मी असा ओरडलो, असे हातवारे केले, की कुणीही म्हणावं, नक्कीच गोळी चुकली. कुत्र्याला विचारा, असंसुद्धा म्हणालो.

वहिनींनी विळा परत कोपऱ्यात ठेवला. "गोळी घेतलीय त्यांनी, माझ्यासमोर. मी काय जायची न्हाई तिकडं," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दादा काठी घेऊन, शेजारच्या मळ्यातल्या दोघांना घेऊन गेला. घासाला आदल्याच दिवशी पाणी दिलं होतं. परत आला तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पावलं हायेत. चिखलात उमटल्यात. मोठी हायेत." दाराशी बिबट्या आलेला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या क्षणी बाईंनी माझा चेहरा पाहिला असता तर गोळी नक्की वाढवली असती.

"आता फिरणं बंद," दादा म्हणाला.

"बंद न्हाई." आवाज माझाच होता, मी खात्री करून घेतली. "कॅनॉल बंद. ऊन चढल्यावर देवळाच्या रस्त्यानं जाईन. तिकडं वर्दळ असती. माझं ठरलंय." दादाच्या कपाळावर आठ्या आल्या. तो गोठ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी चपला घालत होतो, तर दादा दारातच उभा. आता हा हाताला धरून आत बसवणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत. तो खाली बघत म्हणाला, "मी येऊ का संगं?"

दादानं आजवर मला नेलं, आणलं, बसवलं, झोपवलं, दवाखान्यात हाताला धरून चालवलं. विचारलं कधीच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बिबट्यासमोर न रडलेला माणूस मी!

"आज नको," मी म्हणालो. "उद्या ये."

"बरं," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.