कोरी खिडकी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या उधाऱ्यांपासून रक्तातल्या साखरेपर्यंत सगळं ठाऊक असतं. मन हलकं व्हावं म्हणून सांगतोय असं समजू नका. तसली गरज मला नाही.

राहात्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे, आणि मी लहान मुलांची जुनी मासिकं जमवतो. हसा. सगळेच हसतात. पण ही ससा-परीची गोडगोड मासिकं नव्हेत. काही वेड्या चित्रकारांनी हट्टानं काढलेली — त्रिकोणी तोंडाचा राजा, भिंतीवर चढणारी अक्षरं, पानभर नुसता काळा रंग आणि कोपऱ्यात एक पिवळा डोळा. खपली नाहीत, बंद पडली. त्यांच्यासाठी मी जिल्हाभर रद्दीवाल्यांकडे धूळ खाल्ली आहे. लोक कपाटात सोनं ठेवतात, मी हे ठेवतो. त्यात लाज कसली?

एक अंक मी वर्षानुवर्षं शोधत होतो. तो तिसगावच्या रद्दीवाल्याकडे मिळाला. त्यात एका पानावर नुसती जाड काळी खिडकी छापलेली, आत काहीच नाही. खाली ओळ — बाहेर काय दिसतं ते तू काढ. असं सांगितल्यावर मुलं काढणारच ना? म्हणून कोऱ्या खिडकीचा अंक कुणाकडेच नाही. याही अंकात कुणीतरी पेन्सिलीनं काढलं होतं. डोंगर, शेळ्या, आणि पाठमोरी बसलेली, दोन वेण्यांची मुलगी.

मी काय केलं असेल?

खोडरबर घेतलं. कागद फुलू न देता, दुपारभर बसून, एकेक शेळी पुसली. मुलगी सगळ्यांत शेवटी. आम्ही जमवणारे याला 'साफ करणं' म्हणतो. पान कोरं झालं तेव्हा मला अभिमान वाटला — खोटं कशाला बोलू? चित्रकारानं ती खिडकी भरण्यासाठीच ठेवली होती, आणि त्याचं म्हणणं पेन्सिलीनं ते काढणाऱ्या लहान हाताला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. हे मला समजत नाही असं वाटतं का तुम्हाला? समजतं. तेव्हाही समजत होतं.

मग काही महिन्यांनी एक बाई दुकानात आल्या. रद्दीवाल्यानं माझं नाव सांगितलं होतं. आई गेल्यावर भावानं घर आवरताना तिची ट्रंक रद्दीत घातली, आणि या तेव्हा सासरी होत्या.

"आईचा एक फोटो न्हाई, दादा," त्या म्हणाल्या. "ल्हानपनी त्या पुस्तकात तिनं सोताला काढलं हुतं, तेवढंच हाय."

नाकारता आलं नसतं. मी अंक आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बरोबर ते पान उघडलं. मागचं-पुढचं पान उलटून पुन्हा तिथेच आल्या.

"पान ह्येच. पन ह्ये कोरं हाय," त्या म्हणाल्या. "आमचं न्हाई ह्ये."

मी म्हणालो, "नाही. तुमचं नाही."

पान तिरप्या उजेडात धरलं की पेन्सिलीचा दाब अजून दिसतो. वेण्यासुद्धा दिसतात. बोट फिरवलं तर लागतात. दुकानाच्या दारात दुपारचं ऊन होतं आणि त्या पान हातात घेऊन दाराकडे वळत होत्या — तेव्हा मी हात पुढे केला आणि अंक मिटून घेतला. जुना कागद आहे, ऊन लागू नये, असं म्हणालो. हेही खरंच होतं. म्हणूनच मला ते इतक्या सहज सुचलं.

जाताना त्या पायरीवर थांबल्या. "आमचं पुस्तक तुमच्याकडं आलं असतं तर लई बरं झालं असतं. तुमी जपलं असतं."

मी हो म्हणालो.

अंक माझ्याकडेच आहे. त्यांचा फोन नंबरही आहे, कुठे सापडलं तर कळवा म्हणून त्यांनीच दिलेला. मी कळवलेलं नाही, आणि कळवणार नाही.